मोठा लेथ गल्लीत असू द्या

घरी धातुकामाचा लेथ घ्यायचा विचार आहे, असं चार जाणकारांत म्हणून पाहा. तीन वाक्यं ठरलेली. जागेत मावेल तेवढा मोठा घ्या, नाहीतर पस्तावाल. नव्याच्या नादी लागू नका, जुना एचएमटी किंवा किर्लोस्कर शोधा, तसलं बीड आता कोणी ओतत नाही. आणि ते चिनी मिनी लेथ? खेळणी आहेत, पोरांना द्या. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी चकची किल्ली कधी हातात धरलेली नसते, ते सोडून देऊ. उरलेल्यांनी लेथवर आयुष्य काढलेलं असतं, आणि त्यांचाच सल्ला जास्त गोत्यात आणतो, कारण तो ऐकावासा वाटतो.

या तिन्ही वाक्यांत थोडंथोडं तथ्य आहे. पण ती तिन्ही एकत्र बांधून तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, सिंगल फेजचा मीटर असलेल्या, शनिवार-रविवारी हात चालवू पाहणाऱ्या माणसाच्या गळ्यात घातली, की दोनच गोष्टी होतात. तो लेथ घेतच नाही. किंवा घेतो, कसाबसा घरी आणतो आणि वर्षाच्या आत त्यावर ताडपत्री चढते. माझं म्हणणं असं आहे की महाराष्ट्रातल्या शहरात घरच्या वर्कशॉपला लहान लेथ हीच बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. तडजोड म्हणून नव्हे, विचारपूर्वक. आणि त्याचं निम्मं कारण मशीनमध्ये नसून आपल्या गावांच्या रचनेत आहे.

‘मावेल तेवढा मोठा’ हा नियम मुळात आपला नाहीच. तो अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आला. तिथे घराला गॅरेज असतं, पायाखाली जमिनीवरचं काँक्रीट असतं, आणि एका नगाचं किरकोळ काम घेणारं दुकान शोधायला लांब जावं लागतं. मिळालं तरी माणसाच्या तासाचा दर परवडत नाही. त्यामुळे जे काही करायचं ते घरीच, आणि म्हणून घरचं मशीन सर्वांत मोठ्या कामाला पुरायला हवं. त्या जागी तो नियम बरोबर आहे.

आता कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर बघा, भोसरी बघा, नाशिकचं सातपूर-अंबड बघा. तेवढं लांबही जायला नको. तालुक्याच्या गावाला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड असते, आत एक सहा फुटी लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट, आणि दाराशी ट्रॅक्टरची बुश घेऊन उभा असलेला शेतकरी. त्या कारागिराला ड्रॉइंग लागत नाही. मोडलेला तुकडा हातात द्यायचा, ‘असाच एक बनवा’ म्हणायचं. तो व्हर्निअर लावतो, तुकडा दोनदा फिरवून बघतो, ‘चारनंतर या’ म्हणतो. एका नगाला नाक मुरडत नाही, कारण त्याचा धंदाच एकेका नगाचा आहे. असा माणूस हाकेच्या अंतरावर असताना घरच्या लेथने सगळी कामं का उचलावीत? मोठं, जड, वर्षातून एकदा येणारं काम त्याच्याकडे जाईल. घरच्या लेथकडे तेवढंच येईल जे स्वतःच्या हाताने करण्यात मजा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आणि बुलेटचा पुढचा ब्रेक ड्रम लेथवर लावायचा झाला तर?’ हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारणाऱ्याचाच मुद्दा पाडतो. बुलेटच्या पुढच्या चाकाचा ड्रम हबचाच भाग असतो. तो नीट गोल करायचा तर स्पोक ओढून चाक बांधल्यावरच करायचा, कारण स्पोकच्या ताणाने ड्रमचा आकार किंचित बदलतो. १९ इंची रिम बांधलेलं चाक फिरवायला लेथवर वीस इंचांहून जास्त व्यासाची जागा हवी. साडेआठ-नऊ इंच सेंटर हाइटचा नेहमीचा सहा फुटी लेथही गॅप, म्हणजे चकसमोरचा बेडचा सुटा तुकडा, काढल्याशिवाय ते घेत नाही. म्हणजे त्या एका कामापायी घर उलटंपालटं करून सहा फुटी आणलात, तरी चाक घेऊन शेवटी गल्लीतच जायचं.

मग घरी होतं तरी काय? जावा-येझदी जोडणारा माणूस स्पेसर, बुश आणि बाजारात न मिळणारे चमत्कारिक आट्यांचे बोल्ट बनवतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांच्या नादी लागलेला पितळी बुश बसवतो. पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आरसा स्वतः घासून दुर्बीण करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि त्यांना लागतो सव्वा इंची आयपीस धरणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा, म्हणजे ३१.७५ मिलिमीटरचं स्वच्छ भोक. छोटी वाफेची इंजिनं, कॅमेऱ्याला जुनी लेन्स बसवायचे अडॅप्टर, सायकलीचे हब, शिलाई मशीनचे भाग. यातल्या बहुतेक वस्तू तळहातावर मावतात. लेथ निवडताना मोजायचा तो तळहात.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजारातल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे लेथ फुटांत विकतात. साडेचार फुटी, सहा फुटी. ऐकणाऱ्याला वाटतं साडेचार फूट लांबीचा दांडा त्यात बसेल. ती लांबी बेडची असते. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक त्याच बेडवर बसतात, त्यांची जागा वजा केली की दोन सेंटरमध्ये दोन-सव्वादोन फूटच उरतात. चिनी आणि विलायती मशीनवर उलट लिहितात: बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास आणि दोन सेंटरमधलं अंतर. म्हणून ‘सात बाय बारा’ हा मिनी लेथ कागदावर बारा इंचांचा दिसतो आणि साडेचार फुटीसमोर हास्यास्पद वाटतो, तर प्रत्यक्षातला फरक बारा इंच आणि पंचवीस-सव्वीस इंच एवढा असतो. व्यासातही गोम आहे. बेडवर सात इंच फिरलं तरी क्रॉस स्लाइडवरून जाताना त्याच्या निम्म्याच्या आसपास जागा उरते. लांब दंडगोल कातायचा असेल तर तो दुसरा आकडा विचारा. जाहिरातीत तो बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच.

एक आकडा मात्र असा आहे जिथे मोठ्या लेथची बाजू मानली पाहिजे. स्पिंडलचं भोक. मिनी लेथला ते २० मिलिमीटर असतं, देशी हलक्या लेथला सहसा दीड इंचाच्या आसपास. लांब दांडा भोकातून मागे घालून पुढे फक्त टोक काढता आलं तर निम्मी कामं सोपी होतात. २० मिलिमीटरहून जाड सळई असेल तर ती आधी करवतीने कापून तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याचा चकमध्ये धरलेला भाग वाया जातो. ही मिनी लेथची खरी मर्यादा आहे. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे वजनाबद्दल बोलतात.

तर वजन. ‘लोखंड जितकं जड तितकं काम चांगलं’ हा या पंथाचा मूलमंत्र. याला उत्तर इंग्लंडात १९४६ सालीच तयार झालं. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये मायफर्ड कंपनीने एमएल७ नावाचा लेथ काढला. सेंटर हाइट साडेतीन इंच, म्हणजे बेडवर सात इंच. ज्याला आपण खेळणं म्हणतो त्या मिनी लेथएवढीच. गॅपमध्ये थोडा मोठा तुकडा फिरायचा, एवढंच जास्तीचं. स्पिंडलचं भोक तर मिनी लेथहूनही लहान. स्टँडवरून सोडवला तर दोन धट्टीकट्टी माणसं उचलतील असा. ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांनी घरामागच्या लाकडी खोपट्यांत या लेथवर माणसांना ओढणारी वाफेची इंजिनं बनवली, सिलिंडरपासून चाकांपर्यंत. त्या इंजिनांना कोणी खेळणं म्हणून दाखवावं.

मायफर्डकडे वजन नव्हतं. त्याच्याकडे नीट बसवलेली बेअरिंगं होती, सपाट आणि सरळ बेड होता, स्लाइडमधली फट घालवणाऱ्या जिब पट्ट्या हव्या तशा आवळता येत होत्या. टूलच्या टोकापासून सुरुवात करून टूल पोस्ट, कंपाउंड, क्रॉस स्लाइड, सॅडल, बेड, हेडस्टॉक, स्पिंडल, चक असं फिरत कामाच्या तुकड्यापर्यंत या. ही एक साखळी आहे, आणि यातला जो सांधा सर्वांत ढिला, तेवढाच तुमचा लेथ ताठ. खाली टनभर बीड असलं तरी वरच्या कंपाउंडची जिब सैल असेल तर टूल थरथरणारच.

आणि कित्येकदा सर्वांत ढिला दुवा मशीनमध्ये नसतोच, तो कामाच्या तुकड्यातच असतो. १० मिलिमीटरचा पोलादी दांडा चकबाहेर ६० मिलिमीटर काढला आणि टोकाशी टूलने दहा किलोचा रेटा दिला, तर तो दांडा सात शतांश मिलिमीटर वाकतो. तोच ३० मिलिमीटर बाहेर ठेवला तर एका शतांशाच्याही आत. लांबी निम्मी, वाक एक अष्टमांश. हे गणित मिनी लेथवर जसं आहे तसंच दोन टनांच्या एचएमटीवरही आहे. दांड्याला खाली कोण उभं आहे हे कळत नाही. नवशिक्याचा तुकडा टोकाकडे जाड आणि चककडे बारीक निघाला की तो मशीनला शिव्या घालतो. टेलस्टॉकचं सेंटर लावलं असतं, तर शिव्या वाचल्या असत्या.

पार्टिंगचं उदाहरण घ्या, कारण मिनी लेथ ‘नापास’ ठरतो तो तिथेच. २० मिलिमीटरची माइल्ड स्टीलची सळई कापायला पातं घातलं, की आधी किंचाळी, मग धक्का, मग मोटार बंद. लोक म्हणतात, बघा, दम नाही. आता तोच लेथ: पात्याची धार सेंटरच्या उंचीला अगदी तंतोतंत, पातं टूल पोस्टबाहेर फक्त गरजेपुरतं, सॅडलचा बोल्ट आवळून बेडला पक्कं, आणि कंपाउंड काढून त्याच्या जागी बिडाचा किंवा पोलादाचा एक भरीव ठोकळा, त्यावर टूल पोस्ट. चकाचा वेग कमी, हात न थांबवता पुढे, तेल थेंबथेंब. पातं शांतपणे आत जातं आणि चुऱ्याची घट्ट गुंडाळी बाहेर येते. मशीनच्या वजनात या दरम्यान काही भर पडलेली नसते. त्यातला एक ढिला सांधा फक्त कमी झालेला असतो.

आता जुन्या लोखंडाकडे येऊ. इथे माझा विरोध मशीनला नाही, श्रद्धेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथले लेथ देशभर गेले. १९५३ मध्ये बेंगळुरूला स्विस ओर्लिकोनच्या सहकार्याने एचएमटी निघाली. या कारखान्यांतून बाहेर पडलेली मशीनं उत्तम होती, यात वाद नाही. पण आज तुमच्यासमोर विकायला उभं असलेलं मशीन कारखान्यातून बाहेर पडलेलं नसतं. ते कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये पंचवीस-तीस वर्षं दोन पाळ्या राबून, मग भंगारवाल्याच्या आवारात पावसाळा काढून, मग ताजा हिरवा रंग मारून तुमच्यासमोर आलेलं असतं. रंगाखाली काय आहे हे नवशिक्याला कळत नाही, आणि ‘जुनं घ्या’ म्हणणारा माणूस त्या दिवशी बरोबर येत नाही.

काय बघायचं ते सांगतो. सॅडल चकजवळ आणा. त्याच्या खालच्या जिबच्या पट्ट्या इतक्या आवळा की हातचाक जेमतेम फिरेल. मग सॅडल तसंच टेलस्टॉककडे न्या. सुरुवातीला चाक तेवढ्याच जोराने फिरतं, वीत-दीडवीत गेल्यावर मनगटाला जोर लागतो, आणखी पुढे ते अडतं. म्हणजे बेड चकजवळ झिजलाय आणि टेलस्टॉककडे कोराच आहे. इतकी वर्षं नव्वद टक्के काम चकच्या लगतच झालं, ते इथे उमटलंय. झीज फक्त खाली झाली असती तर फारसं बिघडलं नसतं. टूल एक दशांश खाली उतरलं तरी व्यासात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पण पुढची व्ही झिजली की सॅडल आडवंही सरकतं, आणि आडवं सरकणं व्यासात दुप्पट होऊन दिसतं. अशा बेडला ग्राइंडिंगला पाठवायचं, मग सॅडल स्क्रेप करून बसवायचं, मग लीड स्क्रूची उंची पुन्हा जुळवायची. हा खर्च आणि ही खटपट लेथच्या किमतीशी स्पर्धा करते. हाफनट, लीड स्क्रू, क्रॉस स्लाइडचा नट यांची झीज वेगळी. हरिहरचा कारखाना कधीच बंद पडला, तेव्हा गिअर तुटला तर तो पाडूनच घ्यायचा.

ज्याच्याकडे तळमजल्यावर शेड आहे, आणि ज्याला स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून वर उचलत डायलचा काटा वाचता येतो, त्याने जुना लेथ जरूर घ्यावा. त्याला माझा लेख वाचायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी आणखी दोन अडचणी आहेत आणि त्या सल्ल्यात कधीच येत नाहीत. एक स्लॅब. निवासी खोल्यांसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा वापराचा भार धरतात. साडेचार फुटी देशी लेथ चार-पाचशे किलोंचा असू शकतो आणि तो दोन पायांवर उभा राहतो. स्लॅब त्याच रात्री खाली येईल असं मी म्हणत नाही, भार पसरतो. पण हा हिशेब बांधकामाच्या इंजिनिअरने करायचा आहे, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्याने नक्कीच नाही. शिवाय ते धूड जिन्यातून वर न्यायचंय, आणि घर बदललं की परत खाली.

दुसरी अडचण विजेची. जुन्या लेथला थ्री फेज मोटार असते, तुमच्याकडे सिंगल फेज. ‘व्हीएफडी लाव, झालं काम,’ असं सांगतात, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज काढून देणारा ड्राइव्ह. बऱ्याचदा होतंही, पण मोटारीची पाटी आधी वाचा. एक-दोन एचपीची मोटार बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आली असतील तर पट्ट्या बदलून ती डेल्टा करता येते आणि २३० व्होल्टच्या ड्राइव्हवर सुरळीत चालते. तीनच टोकं बाहेर असतील तर आतला सांधा उकलायला मोटार वाइंडिंगवाल्याकडे न्यायची. आणि पाच एचपीची मोटार बहुधा ४१५ लाच डेल्टा असते; ती साध्या सिंगल फेज ड्राइव्हवर फिरेल, पण पूर्ण ताकदीने नाही. तेव्हा मोटारच बदला. पुन्हा खर्च.

बटाला, लुधियाना, राजकोटकडून येणारा नवा देशी लेथ हा काहींना मधला मार्ग वाटतो. यात चांगलेही आहेत आणि इतके रडके आहेत की नव्या मशीनचाही वर सांगितलेला जिबचा प्रयोग करावा. फोटोवरून ऑर्डर देऊ नका. आणि कोटेशन नीट वाचा: सांगितलेली किंमत कित्येकदा नुसत्या सांगाड्याची असते. मोटार, चक, स्विच, कूलंटचा पंप हे ‘एक्स्ट्रा’ म्हणून खाली येतात, वर १८ टक्के जीएसटी, वर ट्रकचं भाडं.

चिनी मिनी लेथच्या विक्रेत्यांना मी सोडतोय असं कोणी समजू नये. ‘अचूकता ०.०१ मिमी’ हे त्यांचं पेटंट वाक्य. कशाची अचूकता? स्पिंडलच्या फिरण्याची? बेडच्या सरळपणाची? की समोर चमकणाऱ्या डिजिटल आकड्याची, जो फक्त किती बारीक वाचता येतं ते सांगतो? लेथची कोणती बाजू कशी तपासायची आणि कुठे किती चूक चालेल, याची रीत बर्लिनच्या जॉर्ज श्लेझिंगर यांनी १९२७ मध्येच पुस्तकात मांडून ठेवली. प्रत्येक तपासणीला वेगळा आकडा असतो. सगळ्या मशीनला मिळून एकच आकडा लावणारा माणूस एक तर मशीन ओळखत नाही, नाहीतर गिऱ्हाईक ओळखतो.

चाळीस किलोंच्या आसपासचं ते खोकं घरी आलं की लगेच लोखंड कातायला घेऊ नका. लाल चिकट ग्रीस रॉकेलने पुसा, स्लाइड उघडा. कोपऱ्यात फाउंड्रीची वाळू सापडली तर आश्चर्य मानू नका. जिबच्या कडा तेलाच्या दगडावर घासा, स्क्रू एकेक करून आवळा. सॅडलखालच्या पट्ट्या बहुतेकदा ओबडधोबड असतात, त्या सपाट करा. स्पिंडलला सहसा ६२०६ क्रमांकाची साधी बॉल बेअरिंगं असतात. काही जण तिथे ३०२०६ ही टेपर रोलर घालतात. करायला हरकत नाही, पण पहिल्याच महिन्यात नको. कमी वेगात मोटार मान टाकते, हे खरं दुखणं आहे; जाड आटे पाडताना हाताने फिरवायचा क्रँक स्पिंडलच्या मागे बसवून ते टाळता येतं. प्लॅस्टिकच्या गिअरची जी टर उडवतात ती मात्र अनाठायी. सॅडल चकवर जाऊन आदळलं तर आधी तो गिअर जातो, लीड स्क्रू आणि हाफनट वाचतात. नवा गिअर किरकोळ पैशांत येतो. हौशी माणसाच्या मशीनमध्ये काहीतरी आधी मोडणारच. ते स्वस्त असावं.

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तिथे मोठ्या लेथचा सल्ला सर्वांत महागात पडतो. सगळे पैसे बिडात घातले की वर बसवायला काही उरत नाही. चार जॉचा स्वतंत्र चक हवाच. तीन जॉचा स्वस्त चक अर्धा-एक दशांश इकडेतिकडे धरतो, तर चार जॉच्या चकमध्ये डायल लावून काटा जवळजवळ स्थिर करता येतो. डायल आणि चुंबकी स्टँड हवा. पुण्याच्या बेकरचा जुना पण धडका डायल मिळाला तर उत्तम. लाइव्ह सेंटर, ड्रिल चक, बोअरिंग बार, ०–२५ चा मायक्रोमीटर, एक बेंच ग्राइंडर आणि एचएसएसचे चारपाच टूल बिट. कार्बाइडचं घोडं पुढे दामटू नका. स्टीलसाठीचे बोथट कडांचे इन्सर्ट लहान मोटारीला झेपत नाहीत. मिरांडाचा बिट ग्राइंडरवर स्वतः धार लावून घ्यायला शिकलात तर लहान लेथ मनासारखा चालतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला यातलं बहुतेक सगळं एका फेरीत दिसतं. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी नशीब आजमावावं. मशीनवर जेवढे पैसे जातील, जवळपास तेवढेच या पसाऱ्यासाठी बाजूला ठेवा. ते ठेवता येत नसतील तर मशीन एक नंबर लहान घ्या.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी बेडवर स्लाइडवेचं तेल आणि वर सुती कापड, प्लॅस्टिक नको; त्याखाली घाम धरतो आणि बिडावर गंज चढतो. मोठ्या लेथला हे कापडही मोठं लागतं.

शेवटी एक विनंती, लेथवर हयात घालवलेल्या मंडळींना. तुमच्याकडे नवा माणूस विचारायला आला की लगेच फुटांचा आकडा सांगू नका. काय बनवणार, कितव्या मजल्यावर राहता, मीटर कुठला, आणि मशीन सोडून हाताशी किती पैसे आहेत, एवढं आधी विचारा. त्यातून जुना लेथच योग्य ठरला, तर बघायला जाल त्या दिवशी खिशात डायल टाकून त्याच्याबरोबर जा. आणि त्याने लहान लेथ घेतला, तर त्याची मोठी कामं तुमच्याच दुकानात येणार आहेत. तेव्हा त्याला दारातून परत पाठवू नका.